ढगाळ दिवसांचे डाग

रफूवाल्या बाईंच्या हाताला सगळ्या बाजारात तोड नव्हती, आणि ही गोष्ट त्यांना स्वतःलाही चांगलीच ठाऊक होती. विनयबिनय त्यांना जमत नसे. गिऱ्हाइकाने कोट टेबलावर टाकून सिगारेटने पडलेलं भोक दाखवलं, की बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून आधी त्या माणसाकडे बघायच्या आणि मग भोकाकडे. "गुरुवारी या," म्हणायच्या, "आणि भोक कुठे होतं ते तुम्हीच मला शोधून दाखवा. सापडलं तर काम फुकट." आजवर कोणाला सापडलं नव्हतं.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, आणि मध्ये टेबल, दिवा, भिंग आणि बाई. रफूचं काम लांबून बघणाऱ्याला सोपं वाटतं. त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एक खाली एक वर असे ओवत जायचे, सारख्या अंतरावर, सारख्या ताणाने. एखादा धागा केसभर इकडेतिकडे झाला की सगळं मुसळ केरात. जिथे काही नाही तिथे पहिल्यापासून होतं असं दिसलं पाहिजे, एवढाच त्या धंद्याचा धर्म. बाईंनी तो बावीस वर्षं पाळला. नवरा गेला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. आठवडाभर दुकान बंद राहिलं, मग बाई पुन्हा दिव्याखाली येऊन बसल्या, आणि मुलगी टेबलाखाली चिंध्यांत खेळत मोठी झाली.

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. शाळेच्या पटावर तिचं दुसरं नाव होतं, पण ते फक्त हजेरी घेताना वापरात यायचं. अंगाने एवढीशी, आणि कायम आपल्या दुप्पट वजनाचं काहीतरी उचलून चाललेली. अकरावीत तिने खगोलभौतिकी हा विषय घेतला. शाळेने तो त्याच वर्षी ऐच्छिक म्हणून सुरू केला होता आणि वर्गात मुलं होती अकरा. त्यातल्या तिघांना वाटलं होतं की इथे भविष्य सांगायला शिकवतात. ते आठवड्याभरात गळाले. उरली आठ.

"ताऱ्यांना भोकं पडली तर रफू करायला तू जाणार आहेस का?" बाईंनी विचारलं.

"सूर्यावर डाग पडतात, आई."

"मग धोब्याकडे दे." वर एवढं बोलून बाई खाली मान घालून हसत राहिल्या. पोरगी काहीतरी वेगळं शिकते आहे याचा त्यांना भारी अभिमान होता, पण तो दाखवला की पोरं डोक्यावर बसतात असं त्यांचं ठाम मत होतं.

विषय शिकवायला जे सर होते त्यांना मुलं ग्रहण सर म्हणत. एकदा त्यांनी ग्रहण दाखवायला अख्खी शाळा मैदानात उभी केली होती आणि नेमकं तेवढ्या वेळात आभाळ भरून आलं होतं. उंच, वाकलेला, तोंडावर नेहमी सावली पडल्यासारखा माणूस. या सरांनी मुंगीला प्रकल्प दिला: शंभर दिवस रोज सूर्याचं चित्र काढायचं आणि डाग कसे सरकतात त्यावरून सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो ते गणिताने काढायचं. गंमत अशी की सूर्य लाकडाच्या गोळ्यासारखा सगळा एकदम फिरत नाही. तो वायूचा, म्हणून मधला पट्टा लवकर फिरून येतो आणि वरखालचे पट्टे रेंगाळतात. ते रेंगाळणं आपल्या हाताने काढलेल्या चित्रांतून मोजून दाखवायचं होतं.

शाळेची छोटी दुर्बीण घरी आली आणि गॅलरीत तिपाईवर उभी राहिली. तिच्यातून बघायचं नाही, डोळा जातो, हा पहिला नियम. नळीची सावली सगळ्यात लहान झाली की ती सूर्याकडे लागली असं समजायचं आणि मागे धरलेल्या कागदावर सूर्य पाडायचा. कागदावर वीतभर व्यासाचं वर्तुळ आधीच छापलेलं. त्यात सूर्य नीट बसवायचा, दिसतील ते डाग पेन्सिलीने टिपायचे, तारीख आणि वेळ घालायची. दुसरा नियम सरांनी फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केला होता. आभाळ आलं तर कागदावर 'ढग' एवढंच लिहायचं आणि वर्तुळ कोरं ठेवायचं. एक जरी खोटा कागद सापडला तरी सगळी फाईल बाद.

मुंगीने अठ्ठावन्न कागद काढले. रोज अकराच्या सुट्टीत शाळेतून धावत घरी यायची, चित्र काढायची, धावत परत जायची. मग तिचं डोकं दुखायला लागलं.

"ऊन भरलंय डोक्यात," बाई म्हणाल्या. "रोज भर उन्हात नाचतेस. दुसरं काय होणार?" त्यांनी तिला दोन वेळा रागावून घरात बसवलं, एकदा दुर्बीण कपाटावर नेऊन ठेवली. सकाळी उठल्या उठल्या उलट्या सुरू झाल्या तेव्हाही बाईंनी उन्हालाच शिव्या दिल्या. एक दिवस मुंगीला जिन्याच्या एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसल्या आणि ती खाली पडली. तिथून हॉस्पिटल. डोक्यात गाठ निघाली. अर्धी काढता आली, अर्धी अशा जागी होती की हात लावता येत नव्हता. आपण पोरीला उन्हावरून रागावलो, हे बाईंच्या मनातून कधीच गेलं नाही.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी बाईंना बाहेर व्हरांड्यात नेलं. "आई, उरलेली गाठ वाढली तर आधी तिच्या आठवणीत आणि आकडेमोडीत फरक पडायला लागेल. तसं काही दिसलं तर लगेच मला सांगा."

आत येऊन बघतात तर मुंगी उशीला टेकून बसलेली. डोक्याला पट्टी, नजर दारावर. "काय म्हणाल्या?"

"काही नाही ग. खायला घाला म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मुंगीने डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. तिने सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. त्यानंतर रोज सकाळी त्या तिला शंभरातून सात-सात वजा करायला लावायच्या. मुंगी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत दोनपर्यंत धाडधाड उतरायची आणि म्हणायची, "अजून काही?"

बाईंना मात्र तिने वेगळं सांगितलं. "आई, हे वजाबाकीचं काही खरं नाही, ते पाठ होतं. मला माझं काम पाहिजे. माझं सूर्याचं गणित जमतंय तोवर मी मीच आहे. ते बिघडलं की समजायचं." मग म्हणाली, "चित्रं तू काढ. बेचाळीस राहिलीत."

सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला डाग टिपणं काय अवघड? दोन दिवसांत बाई शिकल्या. सकाळी अकरा वाजता दुकानाला अर्ध्या तासाची सुट्टी, घरी गॅलरीत सूर्य पाडायचा, आणि एक वाजता भेटीच्या वेळेला कागद हॉस्पिटलात. त्यांचे कागद मुंगीच्या कागदांपेक्षा सुबक होते. मोठ्या डागाभोवतीची फिकट कडसुद्धा त्या आडव्या पेन्सिलीने बरोबर उतरवत. मुंगी कागद हातात घेऊन म्हणायची, "काय हात आहे ग तुझा!" आणि मग पट्टी, कोनमापक, गणकयंत्र मांडीवर घेऊन बसायची. तिच्या खाटेशेजारची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. चार हातांवर प्लास्टर. आभाळाचा एवढासाही तुकडा दिसायचा नाही. दिवसातून एकदा बाई आणत तेवढाच तिचा सूर्य.

मग ढग आले. बाईंनी नियमाप्रमाणे कोऱ्या वर्तुळाखाली 'ढग' लिहिलं आणि कागद नेला. मुंगीला त्या दिवशी सकाळपासून सुया टोचून टोचून शीर सापडली नव्हती, हात काळानिळा झाला होता. तिने कोरं वर्तुळ पाहिलं, "बरं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. रडली नाही. रडली असती तर बाईंनी सहन केलं असतं.

दोन दिवसांनी पुन्हा आभाळ भरलं. बाई गॅलरीत साडेअकरापर्यंत थांबल्या. सूर्य काही निघेना. समोर कोरा कागद, आणि डोळ्यांपुढे ती भिंतीकडे वळलेली पाठ. बावीस वर्षं ज्या बाईने भोक म्हणून कोणाला दिसू दिलं नाही, ती आपल्या पोरीच्या हातात भोक कशी देणार? त्यांनी आदल्या दिवसाचा कागद खिडकीच्या काचेवर धरला, त्यावर नवा ठेवला आणि डाग गिरवले. फक्त प्रत्येक डाग एक बोट पुढे सरकवला. रोज डाग साधारण बोटभर सरकतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. सगळे डाग सारखे, बोटाने मोजून, काजं काढावीत तसे. काठाशी जो होता त्यालाही बोटभर सरकवलं.

"आज ऊन आहे?" मुंगीने विचारलं.

"आहे तर," बाई म्हणाल्या. मुंगी हसली. त्या हसण्यासाठी बाईंनी आणखी शंभर सूर्य काढले असते.

त्या महिन्यात ढगांनी काही पाठ सोडली नाही. बाईंचाही हात सरावला. एकदा खोटं पचलं की दुसऱ्याला मीठसुद्धा लागत नाही.

गणित बिघडलं ते कोणाच्या लक्षात यायच्या आधी मुंगीच्या लक्षात आलं. आधी तिने खोडरबर मागितलं. मग नवी वही. एक वाजता बाई येत तेव्हा ती तेच पान तिसऱ्यांदा करत बसलेली असे. खालच्या पट्ट्यातला एक डाग काठाशी जाताना एक दिवस उडी मारत होता आणि दुसऱ्या दिवशी मागे येत होता.

"सूर्य मागे फिरत नाही, आई," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "म्हणजे मीच कुठेतरी चुकतेय. आणि कुठे ते मला सापडत नाही."

"अगं, थकली असशील. ठेव ते."

"चित्रात चूक असती तर सोपं होतं. पण तुझ्या हातात चूक नसते."

बाईंनी चादरीवरचा खोडरबराचा चुरा झटकला. मनात कुठेतरी खुट्ट झालं होतं, पण आपण केलं त्याने गणित बिघडेल हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. डाग इकडचा तिकडे थोडा झाला, त्याने काय आभाळ कोसळतं? दुसऱ्या दिवशी मुंगीने सकाळी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, "मला गणित येईनासं झालंय." वजाबाकी तिने अजून धाडधाड करून दाखवली, पण डॉक्टरीणबाईंनी धोका पत्करला नाही. सूज उतरवणाऱ्या औषधाचा डोस वाढवला. चार दिवसांत मुंगीचा चेहरा सुजून दुसऱ्याच कोणाचा वाटायला लागला, बोटं थरथरू लागली, झोप उडाली. फाईल तिने खाटेखाली सरकवून दिली. बाई कागद नेत, ती "ठेव तिथे" म्हणे आणि बघतही नसे. वॉर्डातल्या दुसऱ्या बायकांशी बोलायची, तेही हळूहळू, एकेक शब्द आधी तपासून घेतल्यासारखी.

शेवटी बाईंनी फाईल पिशवीत घातली आणि ग्रहण सरांना दुकानात बोलावलं. सर जिन्याला डोकं आपटू नये म्हणून वाकून आत आले, स्टुलावर बसले आणि दिव्याखाली एकेक कागद उलटायला लागले. एका कागदावर थांबले. खिशातून रोजचं आभाळ टिपलेली आपली डायरी काढली.

"बाई, सोळा तारखेला तुम्हाला ऊन कुठे सापडलं?"

बाईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टेबलावरची सुयांची गोल उशी उचलली, मध्यभागी एक टाचणी खोचली, काठाकडे एक खोचली आणि बाईंच्या डोळ्यांसमोर उशी जराशी फिरवली. मधली टाचणी बोटभर सरकली. काठाची जेमतेम हलली.

"दोन्ही सारख्याच फिरल्या," सर म्हणाले. "पण काठाला गोळा पलीकडे वळतो, म्हणून आपल्याला तिथे कमी दिसतं. तुम्ही सगळे डाग सारखे सरकवलेत. तिचं गणित बरोबर आहे, बाई. तिने चूक पकडली. फक्त ती चूक तिला स्वतःत दिसली."

बाईंनी उशी हातात घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिली. आपण पोरीच्या हातात सूर्य दिला नव्हता, तिला वेडं ठरवणारा पुरावा दिला होता, हे त्यांना त्या वेळी पुरतं कळलं.

"मी सांगू का तिला?" सरांनी विचारलं.

"नको. मीच सांगते."

सांगते म्हणाल्या, पण सांगवेना. पहिल्या दिवशी मुंगीला ताप होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाई दगावली. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाई निव्वळ घाबरल्या. माझ्या हातात चूक नसते, हे तिचं शेवटचं भरवशाचं वाक्य, ते कसं मोडू? असे पाच दिवस गेले. सर येण्याआधीचे सात. एकूण बारा दिवस मुंगी आपण संपत चाललो असं समजून त्या भिंतीकडे बघत पडून होती. तिच्याजवळ उरलेच होते किती! कोणी बाईंचं मन राखायला काहीही म्हणो, त्या बारा दिवसांना माफी नाही, आणि बाईंनीही ती कधी मागितली नाही.

सहाव्या दिवशी बाई खाटेवर बसल्या, पिशवीतून फाईल काढली आणि मुंगीच्या मांडीवर ठेवली.

"मुंगे, ऐक. ढगाच्या दिवशी मी खोटे डाग काढले. तुझ्या हातात कोरा कागद द्यायला जीव होईना म्हणून. तुझं गणित चुकलेलं नाही. मी चुकले."

मुंगीने सुजलेल्या पापण्या वर उचलल्या.

"मला वाटलं, मी गेले," ती म्हणाली. मग एकदम ओरडली, "आई, मला वाटलं मी गेले! तू रोज येऊन इथे बसत होतीस ग!" नर्स धावत आली. मुंगी हमसून हमसून रडत होती आणि बाईंच्या खांद्यावर थरथरत्या मुठी मारत होती. बाईंनी मार खाल्ला. त्यांना तो कमीच वाटला.

रडणं ओसरल्यावर तिने नाक पुसलं आणि फाईल उघडली. "किती कागद?"

"आठ. कुठले ते सांगू?"

"खबरदार सांगितलंस तर."

तिने पट्टी घेतली. हात थरथरत होता म्हणून बाईंनी पट्टीचं एक टोक धरलं. एकेक कागद ती आधीच्या आणि नंतरच्या कागदाशी ताडून बघत गेली, तोंडाने आकडे पुटपुटत, मध्येच वहीत मांडत. "हा." बाजूला ठेवला. "हा. हा तर अगदीच ढळढळीत. काय ग, काठावर चिकटवून दिलंस बिचाऱ्याला?" भेटीची वेळ संपली तरी नर्सने बाईंना उठवलं नाही. संध्याकाळच्या चहापर्यंत मुंगीने नऊ कागद काढले होते.

"आठच ग," बाई म्हणाल्या.

"नऊ आहेत."

"अगं मी काढले की तू?"

"एकवीस तारीख. तीन डाग, तिन्ही बरोबर सतरा मिलिमीटर. नऊ आहेत, आई."

बाईंनी डोळे मिटून आठवलं. एकवीस तारीख. करड्या कोटाची बाही, झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद होतं, आणि हो, वरती राखेसारखं आभाळ. "नऊ," त्या म्हणाल्या.

मुंगी उशीवर मागे रेलली आणि हसली. सुजलेल्या चेहऱ्यातून तिचं जुनं हसू तेवढ्यापुरतं बाहेर आलं. तिने नऊ नव्या कोऱ्या वर्तुळांवर स्वतःच्या हाताने 'ढग' लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

औषधाचा डोस उतरला. पुढचे वीस-बावीस दिवस चांगले गेले. मधल्या पट्ट्याचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ आलं, तेव्हा सरांनी वॉर्डात सगळ्यांना पेढा वाटावा तशी ती वही दाखवली, अगदी झाडूवालीलासुद्धा. नऊ कोऱ्या कागदांबद्दल ते एवढंच म्हणाले, "कोरा कागद हीसुद्धा नोंदच असते." फाईल त्यांनी बाद केली नाही. वरच्या पट्ट्याचं गणित अर्धं झालं होतं.

एक दिवस सकाळी मुंगी शहाऐंशीवर थांबली. डॉक्टरीणबाईंनी वाट पाहिली. मुंगीने पुन्हा शंभरापासून सुरुवात केली आणि पुन्हा शहाऐंशीवर थांबली. या वेळी बाईंच्या कागदांत काही खोटं नव्हतं. नव्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली.

त्या दुपारी बाई आल्या तेव्हा मुंगी वही उलटी धरून बसली होती. "आई, माझं गणित चुकतंय. मी चुकतेय का ग?"

बाईंनी वही तिच्या हातातून काढून घेतली. काय सांगावं? खरं सांगायचं तर सांगण्यासारखं एकच होतं आणि ते त्यांच्या जिभेवर येईना. मग त्या म्हणाल्या, "नाही ग. मी चुकले. ढगाच्या दिवशी मी खोटे डाग काढले."

मुंगीचे डोळे मोठे झाले. तिला आठवत नव्हतं. "म्हणजे मी नाही?"

"तू नाहीस. मी."

"काय ग आई तू पण!" ती म्हणाली, आणि तिच्या सगळ्या अंगातला ताण सुटला. थोड्या वेळाने ती झोपली. इतकी गाढ ती कित्येक दिवसांत झोपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रोज एक वाजता बाईंना नव्याने गुन्हा कबूल करायचा होता, आणि मुंगी रोज पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकायची. आधी दचकायची, मग रागवायची, मग सुटायची. बाई तिचा राग रोज नव्याने खात होत्या. जी गोष्ट खरी असताना सांगायला त्यांना पाच दिवस लागले होते, ती आता खोटी झाली होती आणि त्या ती विनासायास सांगत होत्या.

एकदा हे चालू असताना ग्रहण सर दारात उभे होते. मुंगीने त्यांच्याकडे पाहिलं. "सर, खरंच? आईने खोटे डाग काढले म्हणून माझं चुकतंय?"

एका खोट्या कागदासाठी अख्खी फाईल बाद करीन म्हणणारा तो माणूस. तो आत आला, खाटेच्या कडेला बसला आणि म्हणाला, "खरंच. सगळा घोळ तुझ्या आईचा आहे. तुझं गणित एकदम बरोबर आहे." मग त्यांनी रुमाल काढला आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले.

अखेरच्या आठवड्यात मुंगीने विचारणं सोडलं. ती पडून असायची, डोळे अर्धे उघडे. बाई एक वाजता यायच्या, तिचे ओठ ओल्या कापडाने पुसायच्या आणि तिने विचारायची वाट बघायच्या. अडीच वाजायचे, तरी ती विचारायची नाही.

तेव्हा बाई खाली वाकायच्या, तिच्या कानाशी तोंड न्यायच्या आणि आपणहून सांगायच्या. "मुंगे, मी चुकले ग. तुझं गणित बरोबर आहे." ती ऐकत होती की नाही कोण जाणे. म्हणून मग बाई, तिला तपासून बघता यावं अशा बेताने, त्या नऊच्या नऊ तारखा एकेक करून सांगायच्या.